उभ्या गाडीतली गार हवा

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी तिथल्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर होतो. आयटीआयमध्ये गार करणाऱ्या यंत्रांचं काम शिकून आलो होतो, आणि सुटीच्या दिवशी डॉक्टरांचे फ्रिज, आइसकांडीच्या पेट्या अशी किरकोळ कामं घरून घ्यायचो. मोटारगाडीला मी कधी हात लावला नव्हता. म्हणून आणीबाणीतल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक अनोळखी म्हातारा दारात येऊन ‘गाडी का काम है’ म्हणाला, तेव्हा मला वाटलं, हा घर चुकला.

म्हाताऱ्याच्या अंगात बंद गळ्याचा, धुऊन धुऊन विटलेला कोट होता. बोली हैदराबादकडची. मी म्हणालो, मी गाड्यांचा मिस्त्री नाही.

“गाड़ी का नक्को जी,” तो म्हणाला. “गाड़ी के अंदर की ठंडी हवा का.”

कोणाची गाडी, कुठे आहे, काय बिघडलंय, एवढं विचारल्यावर त्याने फक्त मेडशी म्हणून गावाचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, बसमध्ये या कामाबद्दल कोणाशी बोलायचं नाही. तो गेल्यावर बायको आतून आली. दार ओढून घेत म्हणाली, “जे काम बोलाचं नाई, ते कराचं कायले?”

तिचं चुकत नव्हतं. ते दिवसच तसे होते. कारखान्याच्या फाटकाशी चहा पिताना माणसं आधी आजूबाजूला बघायची, मग बोलायची. कोणावर छापा पडला, कोणाला रात्रीतून उचललं, कोणाच्या गोदामात काय सापडलं, याच बातम्या. तरी मी गेलो. मोटारीत बसवलेलं गार हवेचं यंत्र मी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, प्रत्यक्षात कधी नाही. ते पाहायची इच्छा मला बसमध्ये घेऊन गेली.

मेडशीला म्हातारा थांब्यावर न्यायला आला तेव्हा कळलं, गाडी तिथल्या एका शेठची. त्यांची कापसाची अडत होती. सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली तशी ती बसली, हे सगळ्या भागाला माहीत होतं. धंदा बसलेल्या माणसाने गार हवेची गाडी कशाला आणावी, हा प्रश्न मी फाटकात पाऊल टाकायच्या आधीच माझ्याबरोबर होता. गाडी कापसाच्या रिकाम्या गोदामात होती. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दाराला आतून अडसर. म्हाताऱ्याने वरची ताडपत्री ओढली आणि मी काही वेळ नुसता बघत राहिलो. लांबलचक अमेरिकन गाडी, मेंदीच्या पानासारखी हिरवी, जागोजागी रंगाचे पोपडे सुटलेले. हैदराबादच्या कोणा नवाबाच्या घरातली. म्हातारा तिचा तिथला ड्रायव्हर. गाडी विकली गेली तसा तोही तिच्याबरोबर इकडे आला होता.

मागच्या सीटच्या पाठीमागून काचेसारख्या दिसणाऱ्या दोन नळ्या छताकडे गेल्या होत्या. त्यांतून गार हवा छतात जायची आणि वरून बसणाऱ्याच्या डोक्यावर यायची. गार करणारी जाळी डिकीत, कॉम्प्रेसर पुढे इंजिनाजवळ, आणि दोघांना जोडणाऱ्या नळ्या गाडीच्या पोटाखालून. मी डिकी उघडून बघत होतो तेवढ्यात शेठ आले. पन्नाशीचे, सडपातळ. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“होईल?”

“पाहावं लागेल. जुनं आहे, भाग मिळणार नाहीत. काही बनवावे लागतील.”

“एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा मिस्त्री. हवा उभ्या गाडीत लागली पायजे. चालत्या नाई. उभ्या.”

मी विचारलं, उभ्या गाडीत कशाला? इंजिन चालू असल्याशिवाय हे यंत्र चालत नाही, आणि गाडी पळाली नाही तर समोरच्या जाळीला वारा मिळत नाही. इंजिन तापेल, पेट्रोल जळेल.

“तुमाले काम सांगतलं. कारण कायले पायजे?” ते म्हणाले आणि निघून गेले.

चहा आला. खरं सांगायचं तर चहा आला की मी आधी भांडं बघायचो. आमच्या घरी छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर होती, पण गावोगाव कामाला गेलं की वेगळा कप ठेवलेली घरं अजून भेटत होती. इथे मला आणि ड्रायव्हरला सारखेच स्टीलचे पेले आले. पण निघताना त्याने माझी पिशवी मागितली आणि पाने, पक्कड, तांब्याचे तुकडे एकेक करून बाहेर काढून बघितले. मी ते सगळं रागाने पिशवीत परत कोंबलं. चहाने मिळवलेलं पिशवीने घालवलं.

दर रविवारी मी जाऊ लागलो. म्हातारा स्टूल टाकून माझ्यासमोर बसायचा आणि माझ्या हातांवरची नजर काढायचा नाही. डिकीतल्या जाळीत उंदरांनी सरकी आणि कापूस कोंबून घर केलं होतं. ते काढलं, जाळी धुतली. रबरी नळ्या तडकल्या होत्या, त्या बदलल्या. मुख्य दुखणं कॉम्प्रेसरच्या दांड्यात होतं. दांडा जिथून बाहेर येतो तिथलं सील दगडासारखं कडक झालं होतं, त्यातून सगळा गॅस कधीच निघून गेला होता. तसं सील बाजारात मिळणं शक्य नव्हतं. अकोल्याच्या एका लेथवाल्याकडे बसून मी ते करून घेतलं. पहिलं बिघडलं, दुसरंही बिघडलं, तिसरं बसलं.

हात कामात होते, पण डोळे दुसरंच काही गोळा करत होते. आधी दिसले पडदे. मागच्या तिन्ही काचांना जाड काळ्या कापडाचे नवे पडदे होते. मग गाडीखाली शिरलो तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी ताजं वेल्डिंग दिसलं. तिथे एक लोखंडी तोटी बसवली होती, आणि तिच्या समोरच्या पत्र्याला गोल भोक पाडलं होतं. गाडीचा धूर भिंतीबाहेर न्यायची ती सोय होती. मागची सीट काढून तिथे फळ्या ठोकून सपाट बैठक केली होती. कोपऱ्यात पेट्रोलचं पिंप, पोत्यांनी झाकलेलं.

एका रविवारी मी नेहमीच्या बसऐवजी ओळखीच्या ट्रकने लवकर पोचलो. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. गाडी कुठे जाऊन आली म्हणावं, तर मैलांच्या मीटरचा आकडा पहिल्या दिवशी बघितला तोच. गाडी जागची हलली नव्हती आणि इंजिन कितीतरी वेळ चाललं होतं. पुढच्या जाळीखालची जमीन ओली होती, पाणी शिंपडल्यासारखी.

“चाचा, गाडी कायले चालू होती?”

“आप अपना काम देखो जी.”

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली. “पडदे, धूर बाहेर काढाची नळी, गाडी जागेवर,” ती म्हणाली. “आवाज पायजे असंन त्याईले. इंजिनाच्या आवाजात आत काही कुटून राह्यले असतीन, नाई तर छापून राह्यले असतीन.”

मला ते पटलं. इतकं पटलं की बसमध्ये कोणी मेडशीच्या शेठचं नाव घेतलं तर मी खिडकीबाहेर बघायचो. कोणी म्हणायचं गाडीच्या पोटात सोन्याची बिस्किटं आहेत, कोणी म्हणायचं शेठ कोणालातरी लपवून बसलाय. मग एक दिवस कारखान्यात साध्या कपड्यातला एक माणूस आला. त्याने बर्फाच्या भावाची चौकशी केली आणि जाता जाता मला विचारलं, “मेडशीले नातेवाईक आहेत का तुमचे? दर रविवारी दिसता.” मी म्हणालो, काम असतं. तो म्हणाला, “करा, करा,” आणि हसला. ते हसणं घेऊन मी आठवडाभर झोपलो नाही. काही निघालंच तर शेठकडे वकील होता, ओळखी होत्या. डिकीच्या आतपर्यंत हात घालणारा माणूस म्हणून माझंच नाव पुढे आलं असतं.

आता फक्त गॅस भरायचा राहिला होता. छोटं नळकांडं पिशवीत घेऊन मी गेलो, पण पिशवीतून काढलं नाही. शेठला बोलावणं धाडलं. ते आले तेव्हा मी सरळ म्हणालो, “आधी सांगा, उभ्या गाडीत गारवा कोणाले पायजे. मग गॅस भरतो.”

त्यांचा चेहरा बदलला. “तुमाले कोनं पाठवलं?”

“मले कोनी पाठवलं नाई.”

“मंग चौकशी काहून करून राह्यले?”

“माहे लेकरंबाळं आहेत शेठ. उद्या मले कोनी विचारलं तर काय सांगू?”

दोघेही एकमेकांना चोर समजून उभे होतो, असं आज वाटतं. मी पिशवी उचलली. त्या दिवशी म्हाताऱ्याने ती तपासली नाही. मी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन लिंबाखाली बसलो. ऊन चढलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बसची वाट बघत असताना शेठच्या घराकडून एक बाई येताना दिसली, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही, झपाझप. मोठ्या घरची बाई भर दुपारी एकटी रस्त्यावर येते हे मेडशीत कोणी पाहिलं नसेल. ती माझ्यासमोर उभी राहिली.

“दादा, चला. सोताच्या डोळ्यानं पाहून घ्या. मंग जाचं तर जा.”

ती शेठची बायको होती. घराच्या मागच्या अंगाला मातीच्या जाड भिंतींची एक अंधारी खोली होती. दाराला ओलं पोतं टांगलेलं. आत जमिनीवर, ओल्या चादरीत गुंडाळलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी पडली होती. डोक्यावर केस विरळ, पिवळट. कातडी कोरडी, चकाकणारी. तिने तोंड उघडलं तर पुढे दोनच दात, सुळ्यांसारखे टोकदार. मी नकळत मागे सरकलो. त्या बाईने ते पाहिलं.

“असेच सरकतेत सारे,” ती म्हणाली. “म्हनून दाखवत नाई कोनाले. हिले घाम येत नाई.”

मला कळेना. घाम येत नाही हा काय आजार?

“जन्मापासून नाई. मोठा पोरगा होता, त्याचंबी असंच. आमाले समजलंच नाई. बैसाखात ताप आला, डॉक्टर येईस्तोर गेला. हिच्या वक्ती नागपूरले नेलं, तवा समजलं. औषध नाई म्हनतेत. फक्त गार ठेवा म्हनतेत. रोज ओल्या फडक्यात ठेवतो त छाती भरते. नाई ठेवलं त अंग भाजते. लाइटीचा पंखा लावावा, त दुपारभर लाइट नसते.”

मी मुलीच्या तळपायाला हात लावला. चुलीजवळच्या विटेसारखा तापला होता. ती माझ्याकडे बघत होती. “तुमी गाडी गार करनार हा का?” तिने विचारलं.

गोदामात परत आलो तेव्हा त्या सगळ्या वस्तू तिथेच होत्या, पण आता त्या वेगळंच सांगत होत्या. पडदे उन्हासाठी आणि लोकांच्या डोळ्यांसाठी. फळ्या तिच्या निजण्यासाठी. पेट्रोलचं पिंप आणि गरम इंजिन म्हणजे शेठ आणि ड्रायव्हर उभ्या गाडीचं इंजिन कितीतरी तास चालू ठेवून बघत होते, तापून बंद पडतं की टिकतं. जाळीवर पाणी मारायची कल्पना म्हाताऱ्याची. पिशवीचाही उलगडा झाला. माझ्याआधी बोलावलेल्या एका मिस्त्रीने गाडीतली एक किमती झडप खिशात घालून नेली होती.

मी गॅस भरायला घेतला, पण ती धुराची तोटी बघितल्यावर पुन्हा थांबलो. पत्र्याच्या बंद गोदामात इंजिन तासन्‌तास चालणार, तोटीचा सांधा कधीतरी सुटणार, आणि गाडीच्या तळाला जुनी भोकं. तो धूर दिसत नाही, वासही धड येत नाही, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. बर्फाच्या कारखान्यात वायूची भीती आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेली असते. मी शेठना सांगितलं, गाडी उघड्यावर ठेवा, झाडाखाली.

“म्हनजे गावाले तमाशा.”

“तमाशा परवडला शेठ.”

“तुमाले नाई समजत. मोठ्या पोरीची सोयरीक चालू हाय. एक पोरगं गेलं तवा लोकं काय काय बोलले, ते मी आयकलं हाय.”

ते ऐकेनात. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, “एक लेकरू उन्हानं नेलं. हे धुरानं न्याचं का?” त्यावर शेठ उठले आणि सब्बल घेऊन आले. गोदामाच्या मागच्या बाजूचे पत्रे आम्ही तिघांनी मिळून उचकटले. तिथे तुराट्यांची ताटी आडोशाला लावली. वारा आरपार येऊ लागला. गाडीच्या तळाची भोकं मी पत्रा ठोकून बंद केली.

मग गॅस. आमच्याकडे गळती शोधायचा स्पिरिटचा दिवा असतो. त्याची ज्योत निळी असते, गॅस झिरपत असला की हिरवी होते. मी तो दिवा एकेका सांध्यापाशी नेत होतो आणि म्हातारा पहिल्यांदाच स्टुलावरून उठून माझ्या खांद्यावरून बघत होता. कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी ज्योत निळीच राहिली. “बस हुआ,” म्हातारा म्हणाला आणि त्याने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

मुलगी आणि तिची आई आत बसल्या. इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा छतातून वर्षानुवर्षांची धूळ आणि उंदरांचा वास आला, मग साधी हवा, मग हळूहळू त्या काचेसारख्या नळ्यांवर दव धरलं. मुलीने हात वर केला, झरोक्याखाली धरला, आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. थोड्या वेळाने तिने अंगावरची ओली चादर पायांनी ढकलून दिली. अंगावर चादर नाही, आणि तरी ती तापली नव्हती. शेठ ताटीच्या बाहेर उभे होते. आत डोकावले नाहीत. मला म्हणाले, “झोपली का?” मी म्हणालो, झोपली.

पण संशय असा एका दुपारीत जात नाही. मे महिन्यात मी पट्टा तपासायला गेलो होतो, तेव्हा जीप आली. फौजदार आणि दोन शिपाई. बर्फाचा भाव विचारून गेलेला तो माणूसही त्यांच्यात होता. ताटीमागे परदेशी गाडी, इंजिन चालू, पडदे बंद, कोपऱ्यात पेट्रोल. मी फौजदाराच्या डोळ्यांनी ते सगळं पुन्हा पाहिलं आणि मलाच त्यात काही खरं दिसेना.

“पडदे उघडा.”

शेठनी हात जोडले. “साहेब, आत बायामानसं हायेत. दार उघडलं त हवा जाते.”

“कसली हवा?”

“गार हवा.”

शिपाई हसले. फौजदार हसला नाही. त्याने स्वतः दार उघडलं. आत शेठची बायको पदर सावरून बसली होती आणि मांडीवर मुलगी. फौजदाराने तिच्याकडे बघितलं, तीही त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तो क्षणभर थबकला, पण मागे फिरला नाही. म्हणाला, डिकी उघडा. डिकीत माझी जाळी होती, तांब्याच्या नळ्या, पत्र्याची पेटी.

“ही पेटी फोडा.”

मी पुढे झालो. “साहेब, झाकण काढून दाखवतो. पण नळी तोडू नका. नळी तुटली तर गॅस जाईल आणि या पोरीचा उन्हाळा जाईल.”

“तू कोण?”

मी सांगितलं. त्याने मला खालून वर बघितलं. मी झाकणाचे स्क्रू काढले. आत जाळीवरून पाणी ठिबकत होतं. त्याने बोट लावून बघितलं, गार पाणी. मग त्याने मला कॉम्प्रेसर दाखवायला लावला, पट्टा दाखवायला लावला, हवा कुठून कुठे जाते ते विचारलं. मी सांगत गेलो. त्याचा विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही. इकडे दार उघडंच होतं, आणि मुलीचा चेहरा लाल व्हायला लागला होता. ते बर्फाचा भाव विचारून गेलेल्या त्या माणसाच्याच लक्षात आलं. त्याने पुढे होऊन दार लावलं. फौजदाराने पेट्रोलच्या परवान्याची चौकशी केली, शेठना दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं, आणि जीप गेली. दुसऱ्या दिवशी शेठ गेले आणि संध्याकाळी परत आले. पुढे कोणी आलं नाही.

जीप गेली तोवर अर्धं गाव ताटीपाशी जमलं होतं. वर्षानुवर्षं लपवलेलं पोर एका दुपारी सगळ्यांनी पाहिलं. शेठ खाली मान घालून उभे होते. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “एवढंच होतं का?” मला तो आवाज अजून आठवतो. त्यात थोडी निराशाच होती, सोनं निघालं नाही म्हणून. मोठ्या मुलीची ती सोयरीक मोडली, हे खरं. पण पुढच्या वर्षी दुसरी जमली, आणि त्या लोकांनी धाकटीला आधी पाहूनच होकार दिला.

बातमी बसबरोबर गावोगाव गेली. जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून लांब असताना, आसेगावची एक मजूर बाई कडेवर पोरगं घेऊन आली. आमच्याच समाजाची. पोरगं चारेक वर्षांचं, डोक्यावर तेच विरळ केस, तोंडात दात नाहीत. ताटीबाहेर उभी राहून ती म्हणाली, “आयकलं, इथं घाम न येनाऱ्या लेकराची गाडी हाय म्हून.”

शेठनी मला बाजूला घेतलं. “खरं असंन का हे? का गारव्यासाठी घेऊन आली?”

मला राग आला. कालपर्यंत ज्याच्यावर अख्खा मुलूख संशय घेत होता, तो माणूस आज हे विचारत होता. मी काही बोलायच्या आत ते त्या बाईला म्हणाले, “पोराले जरा उन्हात उभं कर. पाहू दे, घाम येते का.” ती बाई घाबरली, पण तिने पोराला खाली ठेवलं. गरजवंताला नाही म्हणता येत नाही. पोरगं उन्हात डोळे बारीक करून उभं राहिलं. शेठ वाकून त्याचं कपाळ बघत होते. तेवढ्यात गाडीचं दार उघडून शेठची बायको उतरली. नवऱ्याकडे न बघता तिने पोराला उचललं, त्याचं कपाळ स्वतःच्या गालाला लावलं आणि म्हणाली, “माह्या पोराचंबी असंच भाजे.” मग त्या बाईलाही हाताला धरून आत घेतलं आणि दार लावलं. तो उन्हाळा संपेपर्यंत त्या फळ्यांवर दोन पोरं निजली आणि दोन आया पाय दुमडून बसल्या. शेठनी त्यावर कधी शब्द काढला नाही. एकदा मात्र मी गेलो तेव्हा ते स्वतः बादलीने पुढच्या जाळीवर पाणी मारत होते.

माझं सील दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर गेलं. दिव्याची ज्योत हिरवी झाली आणि या खेपेस दांडाच झिजला होता, त्याला इलाज नव्हता. शेठनी गाडी विकली. चिखलदऱ्याला त्यांच्या एका नातेवाइकाची जागा होती, तिथे मायलेकींना नेलं आणि पुढे तेही तिकडेच स्थायिक झाले. म्हातारा ड्रायव्हर गाडीबरोबर गेला की हैदराबादला परतला, ते मला कळलं नाही. मुलगी थंड हवेत वाढली, शिकली, कृत्रिम दात लावून शाळेत शिकवू लागली, असं पुढे कोणाकडून तरी ऐकलं.

आसेगावच्या पोराचं काय झालं याची मला रुखरुख होती. गाडी विकल्याच्या पुढच्या एप्रिलात एका सुटीला मी मंगरुळपीरवरून तिकडे गेलो. बौद्धवाड्यात विचारलं तर त्याची आई मजुरीला गेली होती. एका म्हाताऱ्याने मला गावाबाहेर, गुरांना पाणी पाजायच्या हौदाकडे नेलं. भर दुपार होती. दोन म्हशी काठाशी पाणी पीत होत्या, आणि त्यांच्या तोंडांच्या मधोमध, गळ्यापर्यंत पाण्यात, ते पोरगं बसलं होतं. डोक्यावर ओलं फडकं.

“सकाळपासून बसते असंच,” म्हातारा म्हणाला. “म्हशीबी त्याले ओळखतेत आता.”

मी हौदाच्या काठावर बसलो. पोराने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि म्हशीच्या पलीकडे सरकलं. आपल्याला कोणी पाण्यातून बाहेर काढायला आलंय, असं त्याला वाटलं असावं.